दार मावशीकडे

१

टॅबलेटने पासवर्ड पुन्हा नाकारला तेव्हा मावशीने तो कापणीच्या टेबलावर पालथा घातला आणि वर लोखंडी वजन ठेवलं. कापड सरकू नये म्हणून ठेवतात, तेच. टॅबलेट काही सरकणार नव्हता, पण तिच्या जिवाला तेवढंच बरं वाटलं.

"मावशी, पासवर्डमध्ये एक आकडा लागतो," फोनवरून धाकटी म्हणाली. धाकटी म्हणजे मालकांची धाकटी मुलगी. मालक थकल्यापासून पडद्यांचा कारखाना तीच बघत होती.

"घातला की आकडा."

"आणि एक चिन्ह."

"कसलं चिन्ह?"

"कुठलंही. उद्गारचिन्ह घाला."

"ते माझ्या तोंडात आहे केव्हाचं. बाहेर काढू का?"

धाकटी हसली. मावशी हसली नाही. सकाळपासून ती एका सपाट खोक्याशी भांडत होती आणि खोकं जिंकत होतं. आधी त्याने कोड पाठवला आणि तो वाचून होईपर्यंत त्याची मुदत संपवली. मग तू माणूस आहेस हे सिद्ध कर म्हणालं. चित्रं दाखवली, त्यातले जिने निवडायला सांगितले. मावशीने जिने निवडले. चूक. कठडा जिन्यात धरायचा की वेगळा, हे विचारायला तिथे कोणी नव्हतं. तिने कठडे वगळले. पुन्हा चूक.

"ज्याला जिना कळत नाही ते मला माणूस आहेस का विचारतंय," ती म्हणाली.

पण शिरणं भाग होतं. कारखान्याचा जुना हॉल पाडायला काढला होता. नाट्यगृहांचे, हॉटेलांचे, इस्पितळांचे पडदे इतकी वर्षं त्या उंच छताखाली शिवले गेले. आता ज्याने त्याने आपलं मशीन घरी नेलं होतं आणि हॉलच्या जागी हे ॲप आलं होतं. सकाळी सगळ्यांनी त्यात जायचं, दिवसभर एकमेकांना दिसत, ऐकू येत काम करायचं, मापं आणि नमुने तिथेच घ्यायचे. जो त्यात नाही त्याला काम नाही. धाकटीने हे गोड आवाजात सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

मावशी शाळेची पायरी चढलेली नव्हती, वाचायलाही आपली आपणच शिकली होती. कापायला तिला कोणी शिकवलं नाही. टाकून दिलेले पडदे उसवून उसवून ती स्वतःच शिकली आणि पुढे सगळ्या हॉलने तिच्या खडूच्या रेघेवर टीप मारली. अमुक एक मला जमत नाही, हे वाक्य तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं आणि आता या वयात ते एका काचेपुढे काढायची तिची तयारी नव्हती. दिवस मावळायच्या आत ती आत शिरली. स्क्रीनवर चौकोन उघडले, एकेका चौकोनात एकेक ओळखीचं तोंड, सगळी टाळ्या वाजवत होती.

"आणि मावशी, दार मी तुमच्याकडेच ठेवलंय," धाकटी म्हणाली.

जुन्या हॉलमध्ये मावशीचं टेबल दाराला लागून होतं. मशीनवाल्यांचे हात आणि पाय दोन्ही गुंतलेले असायचे, तेव्हा कोणी दार वाजवलं की मावशी कातर न थांबवता ओरडायची, "ढकला, उघडंच आहे." तिने कधी कोणाला बाहेर ताटकळत ठेवलं नव्हतं. मालकांनासुद्धा नाही आणि पत्ता चुकलेल्यालाही नाही. त्याचा तिला अभिमान होता. नव्या हॉललाही तसंच दार होतं. कोणी आलं की स्क्रीनवर पट्टी यायची: अमुक बाहेर थांबले आहे, आत घ्यायचे का? खाली दोन बटणं. आत घ्या. नको.

"हे बरं आहे," मावशी म्हणाली. दिवसभरात तिने काढलेला हा पहिला बरा शब्द होता.

२

सवय होते. चिडचिड करत करतही होते.

पहिले काही दिवस मावशी बोलायची तेव्हा तिचा माइक बंद असायचा आणि स्वतःशी पुटपुटायची तेव्हा उघडा. ढोलकी नावाची एक मशीनवाली होती, अंगाने भरलेली, हसली की जुन्या हॉलच्या खिडक्या हलायच्या. ती आता घरबसल्या हसायची. इस्त्रीवाले काका होते, ते कॅमेऱ्यासमोर फक्त कपाळ धरून बसायचे. आणि मुंगी होती.

मुंगी मावशीच्या खालोखाल जुनी. लहानखुरी, भरभर चालणारी, कधी रिकामी न बसणारी, म्हणून मुंगी. दोन गल्ल्या टाकून पलीकडे एकटी राहायची. नवरा गेला तेव्हा ती मावशीच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. मावशीला रक्ताचं कोणी उरलं नव्हतं. जे होतं ते मुंगी होती. पण हे दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही. त्या एकमेकींना टोचून बोलायच्या, ते पुरायचं.

मुंगीचं मशीन घराच्या मागच्या खोलीत होतं. टॅबलेट तिने मशीनच्या डाव्या बाजूला टेकवून ठेवला होता, त्यामुळे चौकोनात तिची डावी बाजूच दिसायची: वाकलेली मान, कापडाखाली सरकणारा हात, आणि भुवईच्या टोकाला एक बारीक पांढरी खूण. एकदा सुई तुटून उडाली होती, डोळा थोडक्यात वाचला. पाठीमागे त्या खोलीचं दार.

त्या दिवशी दुपारी मावशी नाट्यगृहाच्या पडद्याचं माप समजावून सांगत होती. पोटतिडकीने, हातवारे करून. सगळं संपल्यावर मुंगी म्हणाली, "मावशी, फार छान बोललीस. आता एकदा माइक उघडून बोल."

ढोलकी हसली, काकांचं कपाळसुद्धा हललं.

"हस," मावशी म्हणाली, "तुझ्या वेळेला मीपण हसेन."

"अगं गंमत केली."

"गंमत करायला मी काय तुझ्या वयाची आहे?"

मुंगीने तोंड फिरवलं. उरलेला दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मशीनं चालत राहिली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आधीच वैतागून बसली होती. ॲपने रात्रीतून आपलं रूप बदललं होतं. काल डावीकडे असलेलं सगळं आज उजवीकडे. ती जुनी बटणं शोधत असतानाच पट्टी आली.

बाहेर थांबले आहे. आत घ्यायचे का?

नावाच्या जागी काहीच नव्हतं. मोकळी जागा.

मावशीने चष्मा पुसला. नाव आलं नाही. पट्टी जाईना. पट्टीमुळे खालचं माप दिसेना. नवीन रूपाचाच हा काहीतरी घोळ, तिला वाटलं. आणि शिवाय कोणीतरी बाहेर उभं आहे म्हटल्यावर तिचा हात आपोआप जायचा. तिने "आत घ्या" दाबलं.

कोणी आलं नाही. नवा चौकोन उघडला नाही. फक्त क्षणभर सगळ्यांचे आवाज एकदम थांबले. ढोलकीचं मशीन, काकांच्या इस्त्रीची वाफ, रस्त्यावरचं कोणाच्या तरी खिडकीतून येणारं सगळं. दाराशी वारा आला की लोक बोलायचे थांबतात, तसं. मग सुरू झालं.

"कोण आलं हो?" ढोलकीने विचारलं.

"वारा," मावशी म्हणाली.

थोड्या वेळाने तिने मान वर केली तर मुंगीचा चौकोन उघडा होता. मुंगी मशीनवर वाकलेली, टीप मारत होती. मावशीला जरा खटकलं, कारण मुंगीने दार वाजवल्याचं तिला आठवेना. रोज पट्टी यायची, मुंगी बाहेर थांबली आहे. मग तिने विचार केला की रुसलेली माणसं दार वाजवत नाहीत, मागून शिरतात. ॲपमध्ये मागचं दार आहे की नाही, देव जाणे. असेलही. आज सगळंच इकडचं तिकडे झालं होतं.

तेवढ्यात पट्टी आली: मुंगी बाहेर थांबली आहे. आत घ्यायचे का?

मावशीने पट्टीकडे पाहिलं. चौकोनाकडे पाहिलं. चौकोनात मुंगीचा हात कापड पुढे सरकवत होता.

तिने धाकटीला फोन लावला.

"एकच माणूस दोनदा दाखवतंय का? होतं तसं," धाकटी म्हणाली. ती गाडी चालवत होती, मागे हॉर्न वाजत होते. "नाव अडकून राहतं. आत असलेलं माणूस पुन्हा बाहेर दिसलं की सरळ 'नको' दाबायचं. मी दुपारी तागे घेऊन येतेच आहे तुमच्याकडे, तेव्हा बघते."

मावशीने "नको" दाबलं. पट्टी गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली. तिने पुन्हा दाबलं.

४

दुपार होईपर्यंत तिने किती वेळा नको म्हटलं असेल याला सुमार नाही. कापडावर खडू टेकला की पट्टी. कातर उघडली की पट्टी. शेवटी ती न बघताच दाबू लागली, डास मारावा तशी.

"कोणाला हाकलताय सारखं?" काकांच्या कपाळाने विचारलं.

"मुंगीला. ती आत बसलीय आणि हे म्हणतं बाहेर उभी आहे."

"आज फार कामात आहे बाई," ढोलकी म्हणाली. "सकाळपासून मान वर नाही. मुंगे, रागावलीस का गं मावशीवर?"

चौकोनातल्या मुंगीने डावा हात उचलला, जरासा हलवला, पुन्हा कापडावर ठेवला.

"बघा, हात दाखवला," ढोलकी म्हणाली. "म्हणजे रागावलीय."

मावशीला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. कालचं आपण जरा जास्तच बोललो, हे तिला आतून कळत होतं, आणि कळलेलं ती बोलणार नव्हती. तिने माइक उघडा असल्याची खात्री केली आणि कोणालाच उद्देशून न बोलल्यासारखी म्हणाली, "काहींनी सकाळपासून चहासुद्धा घेतलेला दिसत नाही."

मुंगीची टीप चालूच.

मावशीचे हात काम करत राहिले, पण कान त्या चौकोनात अडकले. काहीतरी चुकत होतं आणि ते दिसण्यातलं नव्हतं. इतकी वर्षं ती मशीनांच्या आवाजात बसली होती. मशीन म्हणजे अखंड आवाज नव्हे. टीप संपते, पाय थांबतो, कापड फिरतं, दोरा तुटतो, तोंडातल्या तोंडात एक शिवी निघते. आणि खालच्या बॉबिनमधला दोरा तर संपतोच. लांब पडद्याला तो संपायला कितीसा वेळ. मग मशीन थांबवून बॉबिन काढायची, नवी घालायची. त्यात कोणाची सुटका नाही.

मुंगीचं मशीन सकाळपासून एकदाही थांबलेलं नव्हतं.

मावशीने कातर खाली ठेवली. बॉबिन बदलली असेल, आपलं लक्ष नसेल, तिने स्वतःला सांगितलं. पट्ट्या हाकलण्यात वेळ गेला. ती टेबलावर कोपरं टेकून बसली आणि फक्त ऐकू लागली. मग कापड बघू लागली. करडं, जड कापड. मुंगीच्या हाताखालून सुईकडे जात होतं, जात होतं. कुठल्या पडद्याची कड इतकी लांब असते, हे कापणाऱ्या बाईला आठवेना. ते कापड तिने कापलेलं नव्हतं.

"ढोलके," ती म्हणाली, "मुंगीकडे काल करडं कापड कोणी दिलं?"

"करडं कसलं? आपल्याकडे करडं काम कुठे चालू आहे?"

मुंगीच्या पाठीमागचं दार बंद होतं. खोलीत पिवळा दिवा होता, रोजचाच. पट्टी आली: मुंगी बाहेर थांबली आहे. मावशीचा हात सवयीने पुढे गेला आणि थांबला. यावेळी तिला कुठलंच बटण दाबवेना. पट्टी बराच वेळ तशीच राहिली आणि आपोआप विझली.

मग टेबलावरचा तिचा फोन वाजला.

५

फोनवर नाव होतं मुंगीचं.

टॅबलेटमध्ये मुंगीचे दोन्ही हात कापडावर होते.

मावशीने फोन उचलून कानाला लावला.

"झालं समाधान?" मुंगी म्हणाली. आवाज रडवेला आणि तापलेला. "सकाळपासून वाजवतेय, वाजवतेय. नको, नको, नको. एवढी काय मी तुझी वैरीण झाले? गंमत केली एक. मला वाटलं थोड्या वेळाने घेशील, म्हणून फोन केला नाही. माझंपण नाक आहे म्हटलं. पण तू तर अगदी ठरवूनच बसलीस."

"मुंगे, तू कुठे आहेस?"

"कुठे असणार? घरी."

"घरी कुठे?"

"स्वयंपाकघरात. ओट्यावर टॅबलेट ठेवून बसलेय, हाताने झालर शिवतेय. मागच्या खोलीतली वीज कालच गेली ना संध्याकाळी. ठिणगी उडाली, मशीनची मोटरही गेली असेल. दार लावून घेतलंय मी तिकडचं. वायरमन उद्या येतो म्हणालाय. हे सांगायलाच तर आत येत होते, आणि तू."

मावशीने टॅबलेटचा आवाज हळूहळू कमी केला. पूर्ण बंद केला. तरी फोनमधून, मुंगीच्या श्वासामागून, तोच आवाज येत होता. बारीक, भिंतीपलीकडून येतो तसा.

"मुंगे, तुला काही ऐकू येतंय?"

"काय?" मुंगी थांबली. मग म्हणाली, "शेजारचं असेल."

"शेजारी कोणाकडे मशीन आहे?"

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वीज आली वाटतं," ती म्हणाली. "चालूच राहिलं असेल कालपासून. जळेल गं मोटर. थांब, बघते."

"बघू नकोस."

"अगं आग लागेल."

"मुंगे, ऐक माझं. मागे जाऊ नकोस. घराबाहेर निघ."

"का पण?"

का ते मावशीकडे नव्हतं. जे डोळ्यांना दिसत होतं ते शब्दांत घालून सांगायचं म्हणजे मुंगी हसली असती आणि हसत हसत जाऊन कडी काढली असती. तशीच होती ती. मावशीने आयुष्यभर सगळ्यांना एका शब्दात ऐकायला लावलं होतं आणि आज नेमका तो शब्द सापडेना. तिने फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने टॅबलेटवर मुंगीचा चौकोन दाबून धरला. बटणांची एक रांग उघडली. आवाज बंद करा. मोठे करून पहा. बाहेर काढा.

तिने "बाहेर काढा" दाबलं.

स्क्रीनवर अक्षरं आली. आत घेण्याचा अधिकार तुम्हाला आहे. बाहेर काढण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिने नखाने दाबलं, अंगठ्याने दाबलं, तळव्याने थापट मारली. ढोलकी आणि काका आपापल्या चौकोनात तिच्याकडे बघत होते आणि त्यांची तोंडं हलत होती.

फोनमध्ये मुंगीच्या चपला बोळात वाजत होत्या.

६

चौकोनात पाठीमागच्या दाराची मूठ हलली.

जे मशीनवर बसलं होतं ते थांबलं. दिवसभरात पहिल्यांदा. दोन्ही हात कापडावर पसरून ते तसंच बसून राहिलं, मान किंचित तिरकी करून, दाराकडे कान लावून.

"कडी अडकलीय," फोनमध्ये मुंगी म्हणाली. "मशीन बंद झालं गं आपोआप."

तेव्हा मावशी ओरडली. भीतीने नाही, ठरवून ओरडली. टेबलावरचं लोखंडी वजन तिने जमिनीवर ढकललं आणि फोन तोंडाशी धरून म्हणाली, "मुंगे, मी पडले. माझा पाय गेला. मला उठवत नाही."

"काय?"

"स्टुलावरून पडले. हाड वर आलंय. आत्ताच्या आत्ता ये. मुंगे, मला भीती वाटतेय गं."

हे शेवटचं खोटं नव्हतं. मुंगीने मावशीच्या तोंडून हे कधी ऐकलेलं नव्हतं, कोणीच ऐकलेलं नव्हतं.

"आले," मुंगी म्हणाली. "हलू नकोस. आले मी." मूठ सुटली. चपला बोळातून धावत गेल्या, बाहेरचं दार आपटलं आणि फोन बंद झाला.

चौकोनातलं ते अजून दाराकडे कान लावून होतं. मग सावकाश, टिपेला कापड फिरवावं तसं, त्याने तोंड फिरवलं आणि चौकोनातून थेट मावशीकडे पाहिलं.

तोंड मुंगीचंच होतं. भुवईच्या टोकाला पांढरी खूण होती. दुसऱ्या भुवईच्या टोकालाही होती, त्याच उंचीवर, तेवढीच. कापड दुमडून एकदाच कातर चालवावी आणि उलगडावं, तसं ते तोंड होतं. एकच बाजू बघून कापलेलं.

मावशीने डोळे मिटले नाहीत, पण पापणी लवली असेल. पुढच्या क्षणी खुर्ची रिकामी होती. करडं कापड मशीनवरून खाली ओघळत होतं आणि मागचं दार सताड उघडं होतं.

७

थोड्याच वेळात मावशीचं दार वाजलं.

"मावशी."

ती जिन्याकडच्या दाराशी उभीच होती. तिने फट करून पाहिलं. मुंगी. केस सुटलेले, छाती भात्यासारखी हलत होती, उजवा गाल तळहाताने दाबून धरलेला, बोटं पार भुवईपर्यंत. डाव्या भुवईला खूण.

"दाताला कळ आली धावून," ती म्हणाली. "पाणी दे."

मावशीला एकदम हायसं वाटलं. तिने दार उघडलं. मुंगी तिच्या अंगावरून सरळ स्वयंपाकघरात गेली. पाय कसा आहे, हे तिने विचारलं नाही. पाणी ओतल्याचा आवाज आला.

"एवढ्यात आलीस," मावशी म्हणाली.

"धावले," आतून आवाज आला.

फोन वाजला. धाकटी होती.

"मावशी, बऱ्या आहात ना? पाय फार दुखतोय? मी तागे घेऊन येत होते, तर चौकात मुंगीमावशी पडलेल्या. पाऊल मुरगळलंय, पण ऐकतायत कुठे. गाडीत घातलंय त्यांना. आम्ही खाली आलोय तुमच्या. नका म्हटलं तरी जिना चढायला निघाल्यात बघा."

आणि फोनच्या आतून, लांबून, कण्हत, शिव्या देत, "मावशी, हलू नकोस गं, आलेच."

स्वयंपाकघरात पेला ओट्यावर ठेवला गेला.

"कोणाचा फोन, मावशी?"

मावशीने भिंतीला हात टेकला. आवाज तिने नेहमीचा काढला, थोडा तिरसटच.

"धाकटीचा. तागे आलेत. घेऊन येते."

"मी येऊ?"

"कशाला? बस तू. दमलीस."

पायात काही न घालता ती बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं, आवाज न करता. जिन्याच्या वळणावर मुंगी कठडा धरून एका पायावर उभी होती, घामाने निथळत. मावशीने तिची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. एक बाजू. मग दुसरी. दुसऱ्या भुवईला काही नव्हतं.

"हे काय," मुंगी म्हणाली. तिने मावशीच्या पायांकडे पाहिलं, दोन्ही धडधाकट पायांकडे. "अगं खोटारडे. मी चौकात गाडीखाली येत होते तुझ्यापायी."

"आधी खाली चल, मग शिव्या दे."

"माझा पाय मोडवलास आणि."

"चल म्हणतेय ना." तिने मुंगीच्या काखेत हात घातला आणि तिला जवळजवळ उचलून खाली नेलं. वर तिच्या घरात खुर्ची सरकली. मग कापणीच्या टेबलावरून कातर उचलल्याचा आवाज आला. आपल्या कातरीचा आवाज तिला ओळखायला नको.

धाकटी गाडीचं दार उघडून उभी होती. मावशीने मुंगीला ताग्यांना टेकून बसवलं, स्वतः तिच्या शेजारी बसली आणि दार लावलं.

"मावशी, तुम्ही तर चालताय," धाकटी म्हणाली. ती पुढे बसली, फोन हातात घेऊन. नवा हॉल त्यात उघडाच होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आरशात मावशीकडे, मग पुन्हा फोनकडे. "हे अडकलंय वाटतं. तुम्ही इथे आहात आणि यात तुम्ही टेबलाशी दिसताय. कापताय."

मुंगीने बघायला मान पुढे केली. मावशीने तिला मागे ओढलं आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. मुंगीला काय कळलं कोण जाणे, तिने हात सोडवला नाही.

फोनमधून कातरीचा आवाज येत होता, लांबलचक, कुठेही न थांबणारा. त्याच्यावरून ढोलकीचा आवाज आला, हसरा, जरासा गोंधळलेला.

"मावशी, हे आत्ता कोणाला आत घेतलंत? नाव दिसत नाहीये."

"धाकटे," मावशी म्हणाली, "गाडी ढोलकीच्या घरी घे. वाटेत थांबू नकोस."